सहाव्या लेमावरचा हिरवा कर्सर

४ फेब्रुवारी

दैनंदिनी पुन्हा सुरू करते आहे, कारण जे फाईलमध्ये लिहिता येत नाही ते कुठेतरी ओकायला हवं. फाईलमध्ये काहीही लिहिलं की तिघांना दिसतं. पुसलं तरी दिसतं. हिस्टरी नावाचं एक चहाडखोर बटण आहे, ते दाबलं की कोणी काय लिहिलं आणि कोणी काय खोडलं याचा सगळा पाढा वाचला जातो. मागे एकदा मी चिडून वकिलाला गाढव म्हटलं आणि लगेच पुसलं. ते अजून तिथे आहे. वकिलानेच मला काढून दाखवलं.

तिघं म्हणजे सर, वकील आणि मी. सरांच्या हाताखाली वकिलाने आणि मी पीएचडी केली. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून आम्हा दोघांना बाजारात विकून येतील असं डोकं. वकील हा खरा वकील नव्हे, गणितीच आहे. एका स्वल्पविरामावरून तासभर भांडतो म्हणून सरांनी ठेवलेलं नाव. तो समुद्रापलीकडे राहतो, सर दुसऱ्या गावी, मी इथे. पेपर मात्र एक. ऑनलाइन फाईल उघडली की ज्याचा त्याचा कर्सर आपापल्या रंगात लुकलुकताना दिसतो. सर हिरवे, वकील निळा, मी नारिंगी. गणित इंग्रजीत आणि भांडणं मराठीत, हा आमचा नियम.

पेपरात एक मुख्य प्रमेय आहे आणि त्याला खालून उचलून धरणारे सात लेमे. लेमा म्हणजे प्रमेयापर्यंत चढायची पायरी. सहावी पायरी माझी. सातवी सरांची, तिच्याकडे वाकड्या नजरेने बघायची कोणाची टाप नाही. माझी मोडली तर सगळं खाली येईल, आणि सगळ्यांत आधी मी. वीस मार्चला कायम पदासाठी मुलाखत आहे. विभागप्रमुखांनी तोंडावर सांगितलं की पेपर जर्नलकडे गेलेला दाखवा, नाहीतर कंत्राटावर आहात तशाच राहा, आणि पुढे कंत्राटाचंही सांगता येत नाही.

सहाव्या लेमाशी मी महिन्यापूर्वी सरांसाठी कमेंट टाकून ठेवली आहे: "सर, हा स्थिरांक सगळ्या n ना एकच चालेल ना? मला वाटतं चालेल." उत्तर नाही. सरांचा कर्सरच कित्येक दिवसांत दिसलेला नाही. काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, तेवढा निरोप आला होता की ह्यांना जरा बरं नाही, थोडे दिवस फाईल बघणार नाहीत, काळजी नको. काळजी नको म्हटलं की मला हमखास लागते.

९ फेब्रुवारी

सर आले. दुपारी कॉलेजात दोन तासांच्या मधल्या सुट्टीत फाईल उघडली आणि हिरवा कर्सर दिसला. इतकं बरं वाटलं की रिकाम्या खोलीत मोठ्याने "आले" म्हणाले.

मग बघितलं तो कुठे आहे ते. सहाव्या लेमावर, चौथ्या ओळीवर. हलत नव्हता. मी डबा खाल्ला, वह्या तपासल्या, परत बघितलं, तिथेच. परीक्षेत पर्यवेक्षक नेमका आपल्याच बाकामागे येऊन उभा राहिला की येणारं उत्तरही विसरतं, तसं झालं. दुसरा तास मी कसा घेतला मला माहीत नाही.

११ फेब्रुवारी

माझी कमेंट गेली. तिच्यावर टिक मारली की ती मिटते आणि बाजूला जाते, म्हणजे शंका फिटली असा अर्थ. मिटण्याआधी खाली उत्तर लिहिलेलं होतं: "बरोबर आहे."

बरोबर आहे! खरं तर मी नाचायला हवं. पण सरांनी आयुष्यात कोणाला "बरोबर आहे" म्हटलेलं नाही. त्यांची सर्वांत मोठी शाबासकी "चालेल". माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर त्यांनी "चालेल" लिहिलं तेव्हा वकील दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, कारण त्याला "बघू" मिळालं होतं. शिवाय वाक्यापुढे पूर्णविराम होता. सर पूर्णविराम देत नाहीत. त्यांच्या प्रबंधातले सगळे पूर्णविराम काकूंनी घातले होते, टाइप करताना. लग्नाआधीची गोष्ट, दोघंही कौतुकाने सांगतात.

हा पूर्णविराम मला अजिबात आवडला नाही. दार लावून घेतल्यासारखा वाटला.

१६ फेब्रुवारी

परीक्षा घ्यायची ठरवली. दुसरी कमेंट टाकली: "सर, तिसऱ्या ओळीतली असमानता जरा ढिली वाटते. घट्ट करू का?" पूर्वीचे सर असते तर उत्तर आलं असतं, "घट्ट कर आणि स्वतःलाही जरा आवळ". आज उत्तर आलं: "छान झालं आहे. दमू नकोस. वेळेवर जेवत जा."

हे वाचून घाबरणार नाही असा माणूस दाखवा. डॉक्टर पेशंटला "आता काय हवं ते खा" म्हणतात तेव्हा घरचे बाहेर येऊन रडतात.

आमच्या दंतवैद्यांना दाखवलं. दंतवैद्य म्हणजे माझा नवरा, त्याच्याशी घरी गणित बोलले की तो जबडा दाबून धरतो. त्याने वाचलं आणि म्हणाला की तुझे सर कधीपासून इतकं माणसासारखं बोलायला लागले. मी म्हटलं, ते माझ्यावर रागावलेत, हा टोमणा आहे. तो म्हणाला, वेळेवर जेव हा टोमणा असेल तर माझी आई आयुष्यभर मला टोमणेच मारत आली. त्याला थट्टा सुचते. हिरवा कर्सर आजही चौथ्या ओळीवर उभा होता, तो काही थट्टा करत नव्हता.

वकिलाला फोन केला. त्याचं मत असं की म्हातारपणी माणूस मऊ होतो, तू सुखाला का लाथ मारतेस. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. त्याचं आणि सरांचं वेगळं बोलणं चालू असेल का? मला वगळून सहावा लेमा दोघं नव्याने लिहीत असतील तर? तसं झालं तर माझं नाव तरी कशाला राहील?

२२ फेब्रुवारी

आज फार भ्यायले. फाईल उघडलेली असताना माझ्या डोळ्यांदेखत चौथ्या ओळीत अक्षरं उमटायला लागली. "ननननननन" अशी ओळभर. मग थांबली. मग एकेक करून, फार सावकाश, पुसली गेली. रंग हिरवा.

आधी वाटलं कोणीतरी सरांच्या नावाने आत शिरलंय. माझा पासवर्ड बदलला. मग हिस्टरी बघितली, तर गेले कित्येक दिवस असंच काहीबाही लिहून पुसलेलं आहे. एक "न", तीन "न", एकदा नुसताच काना. आणि सगळं चौथ्या ओळीत. सर पूर्वी पहाटे काम करायचे, आता भर दुपारी. परका माणूस शिरला असता तर त्याने सातही लेम्यांत धुडगूस घातला असता. हा फक्त माझ्याच ओळीला धरून बसलाय.

कोणीतरी आपल्या दारावर रोज येऊन टकटक करावी आणि दार उघडलं की काही नाही म्हणावं, तसं चाललंय. जेवण जात नाही. वेळेवर तर नाहीच.

२७ फेब्रुवारी

धीर करून सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. मी म्हटलं, सरांशी दोन मिनिटं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना नाही गं बोलता येणार." मी विचारलं, उद्या करू का? तर म्हणाल्या, तुला काय विचारायचं ते फाईलमध्येच लिही, मी सांगते त्यांना, म्हणजे ते बघतील.

मागे सरांचं टेबल-घड्याळ टिकटिकत होतं, म्हणजे त्या त्यांच्याच खोलीत होत्या. सर शेजारी बसलेले असणार आणि मानेने नाही म्हणत असणार. इतक्या वर्षांत त्यांनी माझा फोन कधी टाळला नव्हता. फोन ठेवल्यावर मी रडले. मोकळेपणाने लिहिते, कारण इथे हिस्टरी नाही.

३ मार्च

पेपर पाठवला.

जर्नलकडे पाठवण्याआधी तिघांची संमती लागते. वकिलाने दिली. सरांची आली: "हो. पाठवा." मी काल दिवसभर सहावा लेमा वाचला, डोळे दुखेपर्यंत. चूक दिसत नाही. चूक आहे असं वाटतं मात्र. विभागप्रमुख जिन्यात भेटले, म्हणाले मुलाखत जवळ आली, काय ते करा. मग बटण दाबलं. पाठवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट पाठवलेली प्रत उघडून सहावा लेमा पुन्हा वाचायला बसले.

८ मार्च

पेपर गेला, तरी हिरवा कर्सर चौथ्या ओळीवर. रोज. परीक्षा झाली, पेपर गोळा केले, आणि हे अजून माझ्या बाकामागे उभेच. रागावलेला माणूस इतका चिवट नसतो. सर रागावले की फाईल आपटून चालू लागतात.

दंतवैद्य म्हणाले, तू जा. जाऊन पायावर डोकं ठेव नाहीतर भांडून ये, पण मला घरात पूर्ण बायको हवी. मुलाखतीआधी तोंड दाखवायची हिंमत नाही म्हटलं, तर म्हणाले की दुखऱ्या दाताला जीभ लावत बसण्यापेक्षा खुर्चीत बसलेलं बरं. जाते.

११ मार्च

गेले होते. बसमध्ये बसल्या बसल्या लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय.

दार काकूंनी उघडलं. मला बघून त्या आधी हसल्या आणि मग त्यांचा चेहरा पडला, चोरी पकडली गेल्यासारखा. "आलीस होय," म्हणाल्या. काही न विचारता मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सरांच्या टेबलाच्या जागी पलंग होता. सर त्यावर उशांना टेकून होते. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. जानेवारीत झटका आला, वाचा गेली. कॉम्प्युटर पलंगाशी ओढून घेतलेला होता आणि पडद्यावर आमची फाईल होती. माझी ओळ. समोरच.

मी काय बोलले आठवत नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. डोळे तेच होते, "उशीर केलास" म्हणणारे.

काकूंनी सगळं सांगितलं. कळवलं का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कळवलं असतं तर तुम्ही दोघांनी बिचारे सर म्हणून लिहिणंच बंद केलं असतं. दिवसभर छताकडे बघत असतात गं. तुझी कमेंट वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा मान इकडे वळवली." म्हणून त्या रोज दुपारी फाईल उघडतात. उजव्या हातात माउस, डाव्या हातात सरांचा डावा हात, आणि ओळीवर कर्सर ठेवून मोठ्याने वाचतात. कधी सरांचं बोट कळांवर ठेवून बघतात, पण ते एकाच कळेवर पडून राहतं. उत्तरं काकू लिहितात, सर काय म्हणाले असते ते मनात धरून. टिकही त्याच मारतात, म्हणजे मला वाट बघावी लागू नये.

मग म्हणाल्या, बस, आजचं वाचन व्हायचंय. त्यांना गणितातलं काही येत नाही. चिन्हांना त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. चौथी ओळ आली. मी शब्दांऐवजी चिन्हं लिहिते, सरांना ते कधीच आवडलं नाही.

"उलटा ई," काकू संथ लयीत वाचत होत्या. "मग सी, मोठा. मग उलटा ए. मग एन, छोटा."

सरांनी काकूंचा हात घट्ट आवळला. बोटं पांढरी पडली.

"बघितलंस?" काकू मला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "रोज इथेच. पुढच्या ओळीवर जाऊच देत नाहीत. ही तुझी ओळ त्यांना फार आवडते. म्हणून तर मी लिहिलं, बरोबर आहे म्हणून."

उलटा ई म्हणजे "असा एक आहे". उलटा ए म्हणजे "प्रत्येकासाठी". माझ्या ओळीत म्हटलं होतं की असा एक स्थिरांक, सी, आहे, जो प्रत्येक n ला, म्हणजे प्रत्येक संख्येला, चालतो. मी सिद्ध काय केलं होतं? प्रत्येक n ला कुठला ना कुठला स्थिरांक मिळतो, एवढंच. याचा वेगळा, त्याचा वेगळा. आधी उलटा ए हवा होता, मग उलटा ई. शंभर वेळा डोळ्यांनी वाचलेली ओळ मी आज पहिल्यांदा कानांनी ऐकली.

मी सरांच्या जवळ गेले. "सर, क्रम उलटा झालाय. हो ना?"

त्यांनी काकूंचा हात सोडला आणि माझा धरला. अंगात उरलं होतं नव्हतं तेवढं सगळं त्या हातात आणलं असावं. न, न, न. ते "नाही" लिहीत होते.

काकू आमच्याकडे बघत राहिल्या. हुशार आहेत, त्यांना सांगावं लागलं नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आवडत नव्हती."

मी म्हटलं, काकू, तुम्ही काय करणार होतात, तुम्हाला कसं कळणार. त्यांनी ऐकलं नाही. पदराने पडदा पुसत बसल्या, पडदा स्वच्छच होता. "इतके दिवस ते ओरडत होते," म्हणाल्या, "आणि मी त्यावर टिक मारत होते."

१२ मार्च

वकिलाला सांगितलं. आधी सरांचं, मग लेमाचं. पहिल्यावर त्याने मला सगळं पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं. दुसऱ्यावर वाद घालेल असं वाटलं होतं, पण घातला नाही. एवढंच म्हणाला की तुझी मुलाखत होऊन जाऊ दे, एकवीस तारखेला मागे घेऊ, आठ दिवसांत जर्नलवाले कुठे वाचणार आहेत.

हे मलाही सुचलं होतं. बसमध्येच सुचलं होतं, इथे लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. कोणाला कळणार नाही हे खरं आहे. सर सांगू शकत नाहीत.

दंतवैद्यांना चूक समजावून सांगितली. म्हणाले, "म्हणजे प्रत्येक पेशंटला बसणारी एक कवळी असते, म्हणून तू एकच कवळी गावभर फिरवलीस." मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. हीच ती चूक, इतकी सोपी. मग त्यांनीच विचारलं, कवळी कधी परत मागवणार.

दुपारी पेपर मागे घेतला.

२० मार्च

मुलाखत झाली. समितीसमोर सांगितलं की पेपर पाठवला होता, चूक सापडली, मागे घेतला. एकाने विचारलं, चूक कोणी शोधली? मी म्हटलं, आमच्या सरांनी. विभागप्रमुख पंख्याकडे बघत होते.

कंत्राट एक वर्ष वाढवलं. कायम पद दुसऱ्याला. वर्षभराने पुन्हा हेच, पुन्हा हीच भीती. पण निदान ही माझ्या ओळखीची आहे.

२८ मार्च

सहावा लेमा नव्याने लिहिला. आता तो ठरावीक मर्यादेपर्यंतच्या n पुरताच खरा आहे, त्यामुळे प्रमेय निम्मं झालं. यात चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत लिहिलंय, काकूंना वाचता यावं म्हणून. उत्तरांचं आता ठरलेलं आहे. काकू स्वतःच्या मनाने काही लिहीत नाहीत. हात सैल की आवळलेला, एवढंच कळवतात.

दुपारी हिरवा कर्सर चौथ्या ओळीवर आला. मी खुर्चीच्या कडेला बसून बघत होते. थांबला. मग काकूंची कमेंट: "हात सैल आहे. पुढे जाते."

कर्सर खरंच पुढे सरकला. पाचवी ओळ, सहावी, लेमा संपला. मी उठून खोलीत एक फेरी मारली. वकिलाचा निळा कर्सरही आला होता, त्याच्याकडे पहाट होती. त्याने "चालेल" लिहून पुसलं. पुसलेलं मी हिस्टरीत बघितलं.

परत येऊन बसले तर हिरवा कर्सर सातव्या लेमात होता. दुसऱ्या ओळीवर. पाणी पिऊन आले, तिथेच. वकिलाने मला विचारलं, तिथे का थांबलेत? ती ओळ मी कधी तपासलीच नव्हती. आम्ही दोघांनीही नाही.

मग काकूंनी लिहिलं: "इथे हात फार घट्ट धरला आहे. सोडत नाहीत. डोळ्यांतून पाणी येतं आहे. ही ओळ कोणाची आहे?"

मला ठाऊक होतं, तरी हिस्टरी उघडली. डिसेंबरातली तारीख, झटक्याच्या आधीची. हिरवा रंग. पुढे पूर्णविराम नाही.

मी लिहिलं, "तुमच्या घरचीच आहे, काकू. टिक मारू नका. हात धरून ठेवा, मी निघते आहे."